कवळी "बसत नाही" म्हणणारे आजी-आजोबा: दाताच्या डॉक्टरांनी स्मरणशक्तीही तपासावी का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी दातांची डॉक्टर, त्यातही कवळ्या करणं हेच रोजचं काम, प्रॅक्टिस सांगली-मिरज भागात. बरेच दिवस एक विषय डोक्यात घोळतोय तो इथे मांडते, कारण इथे डॉक्टरही आहेत आणि घरी म्हातारी माणसं सांभाळणारेही आहेत, मला दोघांचं ऐकायचंय.

पूर्ण कवळी करायला साधारण पाच बैठका लागतात. पहिलं माप, पक्कं माप, मग चावा घ्यायचा (म्हणजे वरचा-खालचा जबडा मिटताना कुठे जुळतात ते मेणाच्या पट्ट्यांवर नोंदवायचं), मग मेणात लावलेले दात तोंडात बसवून बघायचे आणि मग कवळी हातात द्यायची, त्यानंतर टोचतंय घासतंय म्हणून येणं होतंच. म्हणजे महिना-दीड महिना तो माणूस आमच्यासमोर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. फॅमिली डॉक्टरकडे बीपीची गोळी लिहून घ्यायला पाच मिनिटं बसतो, आमच्याकडे अर्धा-अर्धा तास, आणि आम्ही त्याला सतत काहीतरी करायला सांगत असतो, जीभ टाळ्याला लावा, आता गिळा, आता मागच्या दाढांवर हळू मिटा. त्यामुळे समोरच्याला सांगितलेलं किती पोचतंय हे आम्हाला फार लवकर कळतं, फक्त आम्ही त्याचं काही करत नाही.

एक आजोबा होते, निवृत्त मास्तर (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). मेणाचे पट्टे तोंडात ठेवून "जीभ मागे लावा आणि मिटा" म्हटलं की ते जीभ बाहेर काढायचे. ऐकू कमी येत असेल म्हणून जवळ जाऊन सांगितलं, स्वतः करून दाखवलं, तरी तेच. सून म्हणाली ही तिसरी कवळी, आधीच्या दोन्ही बसतच नाहीत. मी आधीची मागवून घेतली आणि माझ्या हाताने घालून बघितली तर वरची चांगली घट्ट धरत होती. मग त्यांच्याच हातात दिली, म्हटलं तुम्ही घाला बघू. त्यांनी खालची कवळी घेतली आणि वरच्या जबड्याला लावायला लागले, एकदा सरळ, एकदा उलटी, परत सरळ, आणि मग अगदी शांतपणे मला म्हणाले, बघा, बसत नाही.

तर माझं म्हणणं असं की सत्तरीच्या पुढचं माणूस कवळी बसत नाही, हरवते, घालायचा कंटाळा येतो असं म्हणत आलं तर नवीन माप घ्यायच्या आधी आम्ही एक छोटी स्मरणशक्तीची चाचणी करायला पाहिजे. मिनी-कॉग नावाची चाचणी आहे, तीन मिनिटांत होते. तीन शब्द सांगायचे, मग गोल देऊन घड्याळाचे आकडे आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायचं, मग ते तीन शब्द परत विचारायचे. शब्दाला एकेक गुण आणि घड्याळाला दोन, पाचापैकी तीनपेक्षा कमी आले तर पुढे तपासायला पाठवायचं. निदान आम्ही करणार नाही, तो आमचा अधिकारच नाही, फक्त पाठवायचं. तुम्हाला काय वाटतं? तुमच्या आईवडिलांना दाताच्या डॉक्टरने असं काही विचारलं तर चालेल का?

जास्वंद
फार महत्त्वाचा धागा. माझ्या सासऱ्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचं निदान व्हायच्या जवळजवळ वर्षभर आधी कवळीचे प्रकार सुरू झाले होते आणि आम्ही सगळे त्यांच्यावर चिडायचो. कवळी टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून ठेवायचे आणि तो कागद कचऱ्यात जायचा, एकदा उशीच्या अभ्र्यात सापडली, एकदा फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे. घरात कोणाला वाटलंच नाही की हे लक्षण असू शकतं, वाटलं हट्टीपणा. कोणी तेव्हा सांगितलं असतं तर त्या वर्षात घरात इतकी भांडणं झाली नसती एवढं नक्की. चालेल का विचारताय, तर मला चालेल, पण त्यांच्यासमोर आणि त्यांना विचारून. सुनेला बाजूला घेऊन "यांचं जरा बघा हं" असं नको.

आकडेमोड
विषय चांगला आहे पण एक धोका आत्ताच सांगतो. हा धागा कोणीतरी व्हॉट्सॅपवर टाकेल आणि "कवळीने डिमेन्शिया होतो" अशी बातमी होईल. तसं अजिबात नाहीये.

२०२१ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या लोकांनी १४ अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण केलं, त्यात ३४ हजारांवर माणसं होती. जास्त दात गेलेल्यांमध्ये बुद्धीची घसरण असण्याची शक्यता १.४८ पट आणि डिमेन्शियाची १.२८ पट निघाली. पण त्यातलाच पुढचा आकडा वाचा, दात गेलेत आणि कवळी नाही अशांमध्ये घसरण २३.८ टक्के आणि कवळी आहे त्यांच्यात १६.९ टक्के. म्हणजे कवळीवाले उलट बऱ्या अवस्थेत. आता यावरून कवळीने मेंदू वाचतो असंही म्हणता येत नाही, कारण ज्याची स्मृती शाबूत आहे, हातात पैसे आहेत, घरात नेणारं कोणी आहे, तोच कवळी करून घेतो आणि वापरतो. आणि विसरायला लागलेला माणूस दात घासायचं पण विसरतो, म्हणून त्याचे दात आधी जातात, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हेच उलटंसुलटं होऊ शकतं.

आपल्याकडे तर अजून गुंता आहे. मिश्री लावणाऱ्या बायका, डायबेटिस, शाळेचं तोंड न बघितलेली पिढी, गरिबी, यातली बहुतेक कारणं दातही घालवतात आणि मेंदूलाही धक्का देतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यात बहिरेपणा आहे, नजर आहे, डायबेटिस आहे, कमी शिक्षण आहे, दात नाहीत.

कृष्णाकाठ
@आकडेमोड, बरं झालं लिहिलंत, धागा पुढे पाठवताना कृपया हा प्रतिसाद पण पाठवा. मी कवळी हे कारण म्हणतच नाहीये. कवळी वापरणारा माणूस आमच्याकडे आपण होऊन येतो आणि कवळी वापरणं हे एक शिकलेलं काम आहे, म्हणून तिथे बदल दिसतो, एवढंच.

हे थोडं समजावते कारण घरच्यांना वाटतं कवळी चष्म्यासारखी असते, नंबर बरोबर आला की झालं. तसं नाही. खालची कवळी तर हिरडीच्या एका अरुंद कडेवर नुसती टेकलेली असते, तिला जागेवर धरून ठेवतात जीभ आणि गाल, आणि हे त्यांना शिकावं लागतं, नव्या कवळीला काही आठवडे जातात. नवीन काही शिकणंच अवघड झालेल्या माणसाला नवी कवळी दिली की तो म्हणणारच बसत नाही, आणि मग मुलगा दुसरा डॉक्टर गाठतो, तिथे अजून एक नवी, परत शिकणं पहिल्यापासून. अशा वेळी खरं तर जुन्याच कवळीला आतून अस्तर लावून घट्ट करणं किंवा तिची हुबेहूब नक्कल काढणं जास्त बरं, कारण जिभेला तिची सवय असते. पण हे मी केव्हा ठरवणार? मला माहीत असेल तेव्हाच ना.

तळ्यातमळ्यात
वाचून अंगावर काटा आला. आईच्या चार वर्षांत तीन कवळ्या झाल्या, दोन वेगवेगळ्या दवाखान्यांत, पैसे गेले ते गेलेच पण प्रत्येक वेळी तिला ऐकवलं गेलं की आजी तुम्ही सवयच करत नाही, आणि ती गप्प बसायची. कोणीच विचारलं नाही की बाकी कसं चाललंय. आता लिहिताना आठवतंय की त्याच काळात ती कुकरला शिट्टी लावायची विसरायची आणि एकच गोष्ट फोनवर दोनदा सांगायची. तिला आता काय करायला पाहिजे? ती ७६ ची आहे, नाशिकला माझ्याजवळच असते.

अष्टांगसंग्रह
मी फिजिशियन, पुण्यात वृद्धांचीच ओपीडी बघतो.

@तळ्यातमळ्यात, घाबरू नका आणि आधी स्वतःच निदान करू नका. विसरणं म्हणजे अल्झायमर असं नसतं. आधी साध्या फिजिशियनकडे न्या आणि बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सोडियम, किडनी एवढं बघून घ्या. कानात मळ आहे का, ऐकू किती येतं, मोतीबिंदू आहे का. मन उदास आहे का हे नीट बसून विचारायला हवं, म्हातारपणातलं डिप्रेशन हुबेहूब विसरभोळेपणासारखं दिसतं. मागच्या दोनचार महिन्यांत पडल्या असतील, डोक्याला मार लागला असेल तर आवर्जून सांगा. आणि त्या घेतात त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, चिठ्ठी नको, गोळ्याच.

गोळ्यांचं का म्हणतो तर दातवाल्या मंडळींसाठीही ते कामाचं आहे. सर्दी-खाजेच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या, वारंवार लघवी होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, झोपेसाठी किंवा मुंग्यांसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, या सगळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि म्हाताऱ्या माणसाची स्मृतीही ढिली होते. तोंड कोरडं पडलं की वरची कवळी धरत नाही, कारण ती थुंकीच्या पातळ थरावरच चिकटून असते. म्हणजे कवळी सैल आणि डोकं गोंधळलेलं, दोन्हीचं मूळ एकाच गोळीत असू शकतं. अशी गोळी बदलली की दोन्ही सुधारलेलं मी बघितलंय.

अजून एक. सैल कवळीला क्रीम लावून चिकटवतात, त्यातल्या काही क्रीममध्ये जिंक असायचं, अजून काहींत असतं. रोज नळीच्या नळी संपवली तर शरीरातलं तांबं कमी होऊन हातापायांना मुंग्या येणं, चालताना तोल जाणं असे त्रास होतात. जिंक नसलेली घ्या, आणि एवढी क्रीम लागतेय याचाच अर्थ कवळी डॉक्टरला दाखवायची वेळ झाली.

आणि दोन-चार दिवसांत अचानक बरळणं, झोप उलटी होणं, माणसं न ओळखणं सुरू झालं असेल तर ते डिमेन्शिया नव्हे, ते इन्फेक्शन, सोडियम, औषध यांपैकी काहीतरी असतं आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

सातबारा
वकील म्हणून लिहिते. चाचणीला हरकत नाही, कागदाला आहे. केसपेपरवर "डिमेन्शिया" असा शब्द दाताच्या डॉक्टरने लिहिला आणि तो कागद घरातल्या एखाद्या मुलाच्या हाती लागला की उद्या मृत्युपत्र, बक्षीसपत्र, शेताची वाटणी, सगळीकडे तो फिरवला जातो. पाचात दोन गुण आले म्हणजे माणसाला सही करायची अक्कल नाही असं कुठलाच कायदा म्हणत नाही. समोर ठेवलेला निर्णय त्या माणसाला समजतोय का हे त्या त्या वेळी बघायचं असतं. तेव्हा लिहायचं तर एवढंच लिहा की अमुक सूचना पाळायला अडचण आली, फिजिशियनकडे तपासणीचा सल्ला दिला. आणि आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्या, सोबत आलेल्याची नव्हे.

आकडेमोड
+१. आणि चाचणी सरसकट करू नका हेही जोडतो. अमेरिकेतल्या यूएसपीएसटीएफ या सल्लागार मंडळाने २०२० मध्ये हेच सांगितलं की काहीच तक्रार नसलेल्या वृद्धांची अशी चाचणी करून फायदा होतो की तोटा, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. त्यामुळे कवळी घालणाऱ्या प्रत्येकाला खुर्चीत बसवून घड्याळ काढायला लावणं मला पटणार नाही. पण कृष्णाकाठ म्हणतात तसं काही दिसलं तरच विचारणं, ही वेगळी गोष्ट आहे, त्याला माझा पाठिंबा.

पिंपळपान
माझी आजी कधी शाळेत गेली नाही. तिला घड्याळ काढायला सांगितलं तर तिने आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, ती काय काढणार. मग ती नापास का? तिला दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब तोंडपाठ असतो आणि पुढची एकादशी कधी तेही.

अष्टांगसंग्रह
@पिंपळपान, अगदी योग्य प्रश्न. या चाचण्या शिकलेल्या लोकांसाठी बनल्यात. आपल्या देशात हे पूर्वीच लक्षात आलं होतं, हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमध्ये काम करताना निरक्षर लोकांसाठी हिंदीत वेगळी चाचणी तयार करावी लागली, १९९५ च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली. न शिकलेल्या माणसाच्या बाबतीत मी घड्याळ बाजूला ठेवतो आणि घरच्यांशी बोलतो. एडी-८ नावाची आठ प्रश्नांची पद्धत आहे, त्यात विचारतात ते मागच्या काही वर्षांत बदल झालाय का एवढंच, तेच तेच विचारतात का, पैशाचे व्यवहार जड जातायत का, आवडीच्या गोष्टींतून मन उडालंय का, महिना-वर्ष चुकतंय का, दिलेल्या वेळा विसरतात का. दोन किंवा जास्त ठिकाणी "हो, बदल झालाय" आलं तर पुढे तपासायचं. आजीला मोबाइल कधीच येत नव्हता, तर तो बदल नाही. पण दूधवाल्याचा हिशोब तोंडपाठ होता आणि आता सुटला, तर तो बदल. तुमच्या आजी त्या अर्थाने उत्तम आहेत.

कृष्णाकाठ
यात आमच्या बाजूने एक भर. चाचणी घेताना कवळी तोंडात असू द्या, कानाचं मशीन कानात आणि चष्मा डोळ्यावर. बिनदातांचा माणूस "सूर्योदय" म्हणाला तर ऐकणाऱ्याला ते कळत नाही आणि उगाच एक गुण जातो. आणि "केळं" म्हटलेलं कमी ऐकणाऱ्याला "वेळ" ऐकू येतं, म्हणून शब्द सांगितल्यावर त्यांच्याकडून लगेच एकदा वदवून घ्यायचे, ते नीट ऐकू आलेत याची खात्री करायची. दात काढायच्या दिवशी, भूल दिलेली असताना, उपाशीपोटी, हे करायचंच नाही.

हिरवाचाफा
मी टोकियोजवळ राहते, इथलं थोडं सांगते. इथे १९८९ पासून ८०२० नावाची मोहीम आहे, वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात, आणि २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोक तिथे पोचलेले निघाले. तोंडाची काळजी हा म्हातारपणाच्या काळजीचाच भाग धरला जातो, दात वेगळे आणि मेंदू वेगळा असं नाही. इथल्याच ८५ च्या वरच्या ५२४ लोकांचा एक अभ्यास आहे, रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. विसरणाऱ्या माणसाची कवळी रात्री काढायची राहून जाते म्हणून इथे लिहावंसं वाटलं.

जास्वंद
@हिरवाचाफा, हो, आणि ती काढणं हेच सगळ्यात अवघड असतं. मी शिकले ते लिहिते, कोणाच्या उपयोगी पडेल. "बाबा तोंड उघडा" म्हटलं की ते ओठ घट्ट मिटायचे. मग मी बेसिनच्या आरशासमोर त्यांना उभं करून त्यांच्या शेजारी उभी राहून माझेच दात घासायला लागायचे, काही बोलायचं नाही, थोड्या वेळाने त्यांचा हात आपोआप तोंडाकडे जायचा. एका वेळी एकच सूचना. "काढा आणि धुवा आणि डब्यात ठेवा" म्हटलं की काहीच व्हायचं नाही. डबा भडक लाल, रोज एकाच जागी, बेसिनशेजारी. जेवण झाल्यावर नाही, झोपायच्या कपड्यांच्या वेळी, कारण ते कपडे बदलले की त्यांना रात्र झाल्याचं कळायचं. चिडलेले असतील तर सोडून द्यायचं, अर्ध्या तासाने परत. बोट घालून ओढायचं नाही, एकदा मदतनीस बाईंना त्यांनी चावा काढलाय आणि चूक त्यांची नव्हती.

धुताना बेसिनमध्ये पाणी भरून घ्या म्हणजे हातून निसटली तर फुटत नाही. उकळतं पाणी नको, वाकडी होते. टूथपेस्टने चरे पडतात, साधा साबण आणि मऊ ब्रश बास.

कृष्णाकाठ
@जास्वंद, तुमची परवानगी असेल तर हे मी छापून दवाखान्यात लावते, आम्ही देतो त्या सूचनांपेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे.

एक अजून करता येतं, कवळीवर नाव घालून घ्या. कवळी बनतानाच मागच्या बाजूला नावाची छोटी चिठ्ठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकखाली बसवतात, सांगितलं की करून मिळतं. वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिटलमध्ये एका ताटात चार जणांच्या कवळ्या धुतल्या गेल्या की कोणाची कुठली कळत नाही, आणि दुसऱ्याची कवळी घालून बसलेला माणूस सांगूही शकत नाही की ही माझी नाही. आणि दोनतीन दातांची छोटी काढघाल कवळी असेल तर विसरणाऱ्या माणसाच्या बाबतीत फार सावध राहा, ती गिळली जाऊ शकते, आणि नुसत्या अ‍ॅक्रिलिकची असेल तर एक्स-रेमध्ये दिसत नाही. अचानक जेवण नको म्हणतात, लाळ गळतेय, आणि कवळी सापडत नाहीये, तर थांबू नका.

आता मी माझ्यापुरतं ठरवलंय ते सांगते. सत्तरीच्या पुढे कवळी परत करायला आलेल्या प्रत्येकाला आधी जुनी कवळी त्यांच्याच हाताने घालायला लावणार. तिथे अडलं, किंवा हरवण्याची, न वापरण्याची तक्रार असली तर त्यांना सरळ विचारणार की मला कवळी तुमच्या सवयीची करायचीय, त्यासाठी लक्षात राहण्याबद्दल थोडं विचारू का. हो म्हणाले तर चाचणी, नाही म्हणाले तर नाही. शंका वाटली तर फिजिशियनला चिठ्ठी, सातबारा म्हणतात त्या भाषेत. कवळीचं काम थांबवणार नाही, माणूस उपाशी राहता कामा नये. इथे कोणी दंतवैद्य वाचत असतील तर तुम्हीही हे करून बघा, आपल्या खुर्चीत हे दिसतं आणि आपण ते केसपेपरवर "रुग्ण सहकार्य करत नाही" असं लिहून मोकळे होतो, हे मला फार खुपतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या पाहणीत साठीच्या पुढच्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे ८८ लाख माणसं. यातली कितीतरी आपल्याकडे दात करायला येऊन गेली असतील.

अष्टांगसंग्रह
चिठ्ठी घेऊन कुठे जायचं असा प्रश्न पडेल तर, जिल्हा रुग्णालयांमध्ये ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वेगळी ओपीडी असते, आपल्या जिल्ह्यात कोणत्या वारी असते ते विचारून जा. ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइन या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर फुकट आहे, जवळची सोय विचारता येते. एआरडीएसआय ही डिमेन्शियावर काम करणारी संस्था १९९२ पासून आहे, तिच्या अनेक शहरांत शाखा आहेत, घरच्यांनाही आधार मिळतो.

तळ्यातमळ्यात
सगळ्यांचे आभार. आज आईला सगळं नीट सांगून विचारलं, ती म्हणाली चल, मलाही कळतंय की काहीतरी सुटतंय हातातून. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, गोळ्यांची पिशवी भरून ठेवली. एक विचारायचं राहिलं, घरात तिच्या तिन्ही जुन्या कवळ्या पडल्यात, त्यातली एकही ती घालत नाही, त्यांचं काय करू?

कृष्णाकाठ
टाकू नका. तिन्ही पाण्यात भिजत ठेवा, कोरड्या पडल्या तर आकार बदलतो. आईंनी सगळ्यात जास्त दिवस जी वापरली ती कुठली हे त्यांनाच विचारा, बहुतेक सगळ्यात जुनी असेल आणि दात झिजलेली असेल. दाताच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा तीच पुढे करा आणि म्हणा याच्यासारखीच पाहिजे.